राजीनाम्यानंतरचे ७२,२२१ रुपये

१० ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी शेजारच्यांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. हातात मोबाइल, चेहरा पार उतरलेला. "काकू, जुन्या कंपनीचा मेल आलाय. सात दिवसांत एक लाख वीस हजार भरा, नाहीतर पोलिसात जाऊ म्हणतायत."

मी भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात एकोणीस वर्षं पगाराचं काम केलं. सोसायटीत कुणाचा पीएफचा अर्ज अडला, फॉर्म १६ मधला (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा वार्षिक दाखला) आकडा जुळला नाही, की माणसं माझ्याकडे येतात. पण जुन्या मालकाने चुकून जास्त पगार टाकला आणि आता तो परत मागतोय, असं प्रकरण मी तोवर फक्त कंपनीच्या बाजूला बसून पाहिलं होतं. ज्याच्या दारात मागणी येते त्याच्या बाजूने ते किती वेगळं दिसतं, हे मला त्या काही महिन्यांत कळलं. मुलाच्या संमतीने ते सविस्तर मांडते आहे. नावं देत नाही.

घडलं काय

मुलगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात इंजिनियर होता. १ ऑगस्ट २०१६ ला लागला. ३० मे २०२३ ला राजीनामा दिला, १४ जुलैला शेवटचा दिवस भरला, लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केलं आणि १७ जुलैला रांजणगावला नव्या ठिकाणी रुजू झाला. जुन्या कंपनीत महिन्याचा पगार ७८,००० रुपये, त्यात मूळ पगार ३९,०००. पीएफ १,८००, व्यवसाय कर २०० आणि आयकर ३,७७९ कापून हातात ७२,२२१ पडायचे.

३१ जुलैला खात्यात ७२,२२१ रुपये जमा झाले. जुलैत त्याने चौदाच दिवस काम केलं होतं. त्याला वाटलं, उरलेल्या रजेचे पैसे धरून हिशेब झाला असेल. नेहमीच्या पगाराइतकाच आकडा, रुपयाचाही फरक नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. ३१ ऑगस्टला पुन्हा ७२,२२१. या वेळी बँकेच्या एसएमएसमध्ये 'सॅलरी ऑगस्ट' असं लिहिलेलं होतं. सप्टेंबरअखेर काही आलं नाही. ९ ऑक्टोबरला थेट मेल.

अशी चूक होते कशी, असं लोक विचारतात. ती सहज होते. कामगारांची हजेरी पंचिंगवर असते, पंच नाही तर पगार नाही. स्टाफचं तसं नसतं. स्टाफचा माणूस हजर धरलेलाच असतो, रजा पडली तरच दिवस कापला जातो. त्यामुळे एचआरने सोडून गेलेल्यांच्या यादीत नाव आणि तारीख टाकेपर्यंत संगणकाच्या लेखी तो कामावरच असतो. या कंपनीत पगाराचं काम बाहेरच्या एजन्सीकडे होतं, आणि कारखान्याने दर महिन्याच्या २२ तारखेपर्यंत बदलांची शीट पाठवायची असा नियम होता. जुलैच्या शीटमध्ये नाव घालायचं राहिलं. ऑगस्टमध्ये शीट करणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी आलेल्याने जुनीच यादी पुढे पाठवली. हे आम्हाला नंतर एचआरमधल्या एका भल्या माणसाने फोनवर सांगितलं.

माझ्याही हातून २००९ साली एका सोडून गेलेल्या फोरमनला पूर्ण महिन्याचा पगार गेला होता. त्याने दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं म्हणून निभावलं. तेव्हापासून बँकेची फाइल पाठवण्याआधी मी एक ताळा हाताने घालत असे: मागच्या महिन्याची माणसं, अधिक नवे आलेले, वजा गेलेले, आणि या महिन्याची माणसं. दहा मिनिटांचं काम आहे. ते कुठल्याही कंपनीत चुकवू नये असं मला मनापासून वाटतं, कारण चुकलं की त्याचा भार शेवटी एखाद्या घरावर पडतो.

आधी मेल खरा आहे का ते पाहिलं

मेल एजन्सीच्या पत्त्यावरून आला होता, आणि पैसे ज्या खात्यात भरायला सांगितले होते ते खातंही मुलाला अनोळखी होतं. तो घाबरून त्याच रात्री पन्नास हजार पाठवायला निघाला होता. मी म्हटलं, थांब. 'चुकून जास्त पैसे आले, परत करा' हा फसवणुकीचा जुना मार्ग आहे. मेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. जुन्या पगार-स्लिपवर कारखान्याचा नंबर असतो, त्यावर करायचा.

दुसऱ्या दिवशी फोन केला. मागणी खरी निघाली. तरी आम्ही तीन गोष्टी मागून घेतल्या: कंपनीच्या लेटरहेडवर सहीचं पत्र, दोन्ही महिन्यांच्या पगार-स्लिपा, आणि कंपनीच्या स्वतःच्या नावाचं खातं. दोन दिवसांत तिन्ही आल्या.

पत्रात मागण्या अशा होत्या. जुलैच्या १७ दिवसांचे ४२,७७४ आणि ऑगस्टचे ७८,०००, मिळून १,२०,७७४ रुपये. त्यावर १८ टक्के व्याज. पैसे येईपर्यंत ग्रॅच्युइटी (केलेल्या नोकरीच्या वर्षांवर मिळणारी रक्कम), रजेचे पैसे आणि अनुभवाचा दाखला रोखून ठेवला जाईल. आणि शेवटी फौजदारी कारवाईचा इशारा.

हे पत्र मी दोनदा वाचलं. त्यात एक गोष्ट पूर्ण खरी होती, एक अर्धी खरी आणि एक साफ चुकीची, आणि तिन्ही एकाच परिच्छेदात अशा गुंफल्या होत्या की वाचणाऱ्याने एक तर सगळं मान्य करावं किंवा सगळं झटकून टाकावं. आमचं पुढचं सगळं काम हा गुंता सोडवण्याचंच होतं.

पैसे कुणाचे

त्या रविवारी त्यांच्या घरी बैठक बसली. वडिलांचं म्हणणं, "चूक त्यांची. निस्तरू देत त्यांना." मुलाचे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते ठामपणे म्हणाले, "सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे. चुकून जास्त दिलेला पगार वसूल करता येत नाही."

मामांचा अनुभव खोटा नव्हता. निवृत्तीच्या वेळी त्यांचं सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं आणि फार वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकली म्हणून त्यांच्यावर वसुली निघाली. ज्या निकालाचा ते आधार घेत होते तो पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह, १८ डिसेंबर २०१४. त्यात न्यायालयाने पाच प्रसंग सांगितले आहेत जिथे वसुली करू नये: गट क आणि ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल ते, वरच्या पदाचं काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिला असेल ते, आणि वसुलीने कर्मचाऱ्यावर मालकाच्या हक्काच्या मानाने फारच मोठा अन्याय होईल असे इतर. पुढे २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात न्यायालयाने हेही सांगितलं की जादा रक्कम परत करेन असं हमीपत्र कर्मचाऱ्याने आधीच लिहून दिलं असेल, तर वसुली चालते.

पण या सगळ्याचा गाभा काय आहे? माणूस काम करत होता, पगार योग्यच आहे असं प्रामाणिकपणे समजत होता, त्या पगारावर त्याने वर्षानुवर्षं घर चालवलं, आणि मग सरकारने मागे वळून हिशेब मागितला. आमच्या मुलाने ऑगस्टमध्ये त्या कारखान्यात पाऊलही ठेवलं नव्हतं. खासगी कंपनी, दोन महिन्यांचा प्रश्न, चूक सव्वादोन महिन्यांत पकडलेली. त्या निकालाची सावली इथवर पोचत नाही. हे मामांना पटवायला अर्धा तास गेला.

इथे लागू होतो तो भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७२. चुकून दिलेले पैसे ज्याला मिळाले त्याने ते परत केले पाहिजेत, एवढंच ते कलम सांगतं. त्यातलं उदाहरण मला फार आवडतं. अ आणि ब या दोघांनी मिळून क चे शंभर रुपये द्यायचे आहेत. अ एकटाच शंभर देऊन टाकतो. हे माहीत नसल्याने ब पण क ला शंभर देतो. क ने ब चे शंभर परत करायचे. क ने काही लबाडी केलेली नाही, तरीही परत करायचे. १९५८ साली बनारसच्या विक्रीकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आणखी रुंद केलं: चूक वस्तुस्थितीची असो की कायदा समजण्यातली, पैसे परत द्यावे लागतात. मालकाला दावा लावायला चूक कळल्यापासून तीन वर्षं मिळतात. म्हणजे गप्प बसून वेळ काढण्यातही अर्थ नव्हता.

पोलिसांचं काय, असं मुलाच्या आईने विचारलं. रात्रभर त्या झोपल्या नव्हत्या. त्या वेळी भारतीय दंड संहिता लागू होती. तिच्या कलम ४०३ मध्ये एक उदाहरण आहे: कुणी दुसऱ्याची वस्तू स्वतःची समजून घेतली तर गुन्हा नाही, पण चूक लक्षात आल्यावर ती बेइमानीने वापरली तर गुन्हा. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१४ आहे. मी त्यांना सांगितलं, खात्यात पैसे येणं हा गुन्हा नाही. परत करण्याची तयारी लेखी कळवली की बेइमानी उरत नाही. पत्राला उत्तरच दिलं नाही तर मात्र तो इशारा पोकळ राहणार नाही.

बैठक संपल्यावर मुलगा मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "काकू, ऑगस्टचा एसएमएस पाहिला तेव्हाच मला कळलं होतं. गणपतीत खर्च होता, बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. वाटलं, मागतील तेव्हा बघू." मी त्याला रागावले नाही. चाळीस दिवस त्याने ते मनात ठेवलं होतं आणि त्याचं ओझं चेहऱ्यावर दिसत होतं. पण ३१ ऑगस्टलाच दोन ओळींचा मेल केला असता, 'मी १४ जुलैला काम सोडलं आहे, तरी पगार आला आहे, कृपया तपासा', तर हे पत्र या भाषेत आलंच नसतं. पैसे वेगळे काढून ठेवले असते तर ऑपरेशनसाठी ऑफिसच्या पतसंस्थेतून कर्ज मिळालं असतं. हेही मी त्याला सांगितलं.

बेरीज

आता अर्धी खरी गोष्ट. कंपनी ऑगस्टचे ७८,००० मागत होती. मुलाच्या हातात ७२,२२१ आले होते. मधले ५,७७९ त्याने पाहिलेसुद्धा नव्हते: १,८०० पीएफ कार्यालयाकडे, २०० राज्य सरकारकडे, ३,७७९ आयकर खात्याकडे गेलेले. जे आपल्याला मिळालंच नाही ते परत कसं करायचं?

जुलैचं गणित वेगळं आहे, आणि इथे पुष्कळ जण गोंधळतात. जुलैत त्याला चौदा दिवसांचा पगार देणं होतंच: ७८,००० चे १४/३१, म्हणजे ३५,२२६. त्यातूनही पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० कापले जाणारच होते. चौदा दिवसांचा मूळ पगारही पंधरा हजारांच्या वर जातो, म्हणून पीएफ तेवढाच. आयकराचे ३,७७९ त्याच्या नावावर जमा होते आणि विवरणपत्रात त्याला ते वळते मिळणार होते. म्हणजे जुलैच्या कपाती जशाच्या तशा राहतात आणि जादा रक्कम पूर्ण ४२,७७४ निघते. तिथे कंपनीचा आकडा बरोबर होता. ऑगस्टमध्ये मात्र एकही कपात त्याच्या नावावर व्हायला नको होती. तिथे फक्त ७२,२२१.

एकूण १,१४,९९५. कंपनीच्या मागणीपेक्षा ५,७७९ ने कमी.

इथे तारीख फार महत्त्वाची होती. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचं टीडीएसचं, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचं विवरणपत्र, ज्याला तेव्हा २४क्यू म्हणत, भरायची मुदत ३१ ऑक्टोबर होती. कंपनीने ते अजून भरलेलं नव्हतं. ऑगस्टचा कर सरकारजमा झाला असला तरी मुलाचं नाव वगळून ती रक्कम कंपनीला पुढच्या महिन्यांच्या कराकडे वळवता येत होती. म्हणजे हे ३,७७९ कंपनीचे बुडत नव्हते, फक्त तिच्या हिशेबनिसाला थोडं काम करायचं होतं. मार्च उलटून गेला असता तर हीच दुरुस्ती किचकट झाली असती. म्हणून मी मुलाला म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबू नकोस, याच आठवड्यात उत्तर गेलं पाहिजे.

१८ टक्के व्याजाला नेमणूकपत्रात काही आधार नव्हता आणि चूक कंपनीची होती. ते आम्ही नाकारलं. पुढे त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही.

ग्रॅच्युइटी

साफ चुकीची गोष्ट ही. त्याची नोकरी सहा वर्षं साडेअकरा महिने झाली होती. सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात वर्षं. मूळ पगार ३९,०००, त्याचे १५/२६ म्हणजे २२,५००, गुणिले सात: १,५७,५०० रुपये. तेव्हाच्या उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीच्या कायद्याप्रमाणे (१९७२) ही रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत, म्हणजे १३ ऑगस्टपर्यंत द्यायला हवी होती. पत्र आलं तेव्हा दोन महिने होत आले होते आणि कंपनीने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

ग्रॅच्युइटी रोखण्याची कारणं त्या कायद्याने कलम ४(६) मध्ये मोजून दिली होती: एखाद्या कृतीने, जाणूनबुजून केलेल्या कसुरीने किंवा निष्काळजीपणाने नुकसान केल्याबद्दल, दंगामस्ती किंवा हिंसेबद्दल, किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल कामावरून काढलं असेल तर. इथे राजीनामा होता. कंपनीची स्वतःची पगाराची चूक त्या यादीत कुठेच बसत नव्हती. शिवाय कलम १३ प्रमाणे न्यायालयाच्या हुकुमानेही ग्रॅच्युइटीवर जप्ती येत नव्हती. मग एचआरच्या एका पत्राने ती कशी अडेल?

मुलगा म्हणाला, "कशाला एवढं, काकू? त्यांचे एक लाख पंधरा हजार त्यातून वळते करून उरलेले द्या म्हणू. एका झटक्यात मिटेल." सोपं होतं, आणि दोन्ही बाजू समजूतदार असत्या तर मीही हो म्हटलं असतं. पण ज्या कंपनीने निव्वळ (हातात पडलेल्या) आणि ठोक (कपातीआधीच्या) रकमेत गल्लत केली, तिच्या हातात एकच मोठा वजाबाकीचा हिशेब दिला तर त्यात काय काय बुडेल याचा भरवसा मला नव्हता. पगाराची परतफेड एका कागदावर आणि ग्रॅच्युइटी दुसऱ्या कागदावर, असंच राहू दे म्हटलं. रजेचे पैसे मात्र वळते करायला मी त्याला होकार द्यायला सांगितलं. १८ दिवसांच्या रजेचे, मूळ पगाराच्या तीसाव्या भागाने, २३,४०० होत होते.

आज असं घडलं तर कायद्याची चौकट थोडी बदललेली आहे. तेव्हा वेतन अदायगी कायदा महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होता, त्यामुळे या मुलाला त्याचा उपयोग नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यात राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत वेतनाचा शेवटचा हिशेब देणं बंधनकारक आहे. जादा दिलेला पगार कापून घेण्याची मुभा तिथेही आहे, पण एका वेतन कालावधीतल्या सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. हिशेब दोन दिवसांत करायचा म्हटला तर 'शीटमध्ये नाव राहिलं' ही चूक दोन महिने टिकणं अवघड आहे. निदान तसं व्हावं.

उत्तर

१६ ऑक्टोबरला मेल गेला. मी मोजकेच मुद्दे ठेवायला सांगितले, आणि भाषा मऊ. राग पत्रात उतरला की समोरचा रागालाच उत्तर देतो, हिशेबाला देत नाही.

पहिलं वाक्य असं होतं: जुलै आणि ऑगस्टमध्ये मला जादा रक्कम मिळाली हे मी मान्य करतो, ती परत करण्यास मी तयार आहे, आणि ऑगस्टची रक्कम आली तेव्हाच मी कळवायला हवं होतं, त्याबद्दल दिलगीर आहे. ही दिलगिरी घालावी की नाही यावर वडील आणि मी बराच वाद घातला. मुलानेच ठरवलं, घालायची. पुढे आमचा हिशेब: १,१४,९९५, त्यातून रजेचे २३,४०० वजा, देणं ९१,५९५. मग परतफेड: ५५,००० लगेच, आणि ३६,५९५ ग्रॅच्युइटी मिळाल्यावर तीन दिवसांत. ग्रॅच्युइटी देय होऊन गेली आहे आणि तिचा या परतफेडीशी संबंध नाही, हे वेगळ्या ओळीत. शेवटी कागद: जुलैची सुधारित स्लिप, ऑगस्टची रद्द, पीएफमध्ये काम सोडल्याची तारीख १४ जुलै, अनुभवाचा दाखला, आणि पूर्ण रक्कम मिळाल्याची पोच.

चार दिवसांनी एचआर प्रमुखांचा फोन आला. आवाज पत्रापेक्षा पुष्कळ बरा होता. त्यांनी ठोक रकमेचा हट्ट सोडला, पण 'आधी पूर्ण पैसे, मग ग्रॅच्युइटी' हे लावून धरलं. मुलाने शांतपणे सांगितलं की ५५,००० मी सोमवारी पाठवतो, ग्रॅच्युइटीसाठी तुम्ही मला कामगार खात्यातल्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जायला लावू नका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, २३ ऑक्टोबरला, त्याने एनईएफटीने ५५,००० पाठवले आणि शेऱ्यात 'जादा वेतन परत, पहिला हप्ता' असं लिहिलं. ६ नोव्हेंबरला ग्रॅच्युइटीचे १,५७,५०० आले. ८ तारखेला त्याने उरलेले ३६,५९५ भरले. दिवाळी त्या घराने शांततेत केली.

ग्रॅच्युइटीला झालेल्या ८५ दिवसांच्या उशिराचं, वर्षाला १० टक्क्यांच्या सरळव्याजाने, साधारण ३,६६८ रुपये व्याज कंपनीकडून येणं होतं. ते तिने दिलं नाही. मुलगा म्हणाला, "राहू दे काकू, मीही चाळीस दिवस गप्प बसलो होतो." माझ्या मते त्याने ते मागायला हवं होतं, कारण ते व्याज कुणाच्या सद्भावनेवर अवलंबून नाही, कायद्याने ठरलेलं आहे. पण पैसे त्याचे होते आणि निर्णयही त्याचा.

जून २०२४

मी समजत होते प्रकरण मिटलं. जूनमध्ये फॉर्म १६ आला आणि मी तो सवयीने तपासला. कापलेल्या कराचा भाग अ बरोबर होता, तिमाहीचे आकडे दुरुस्त केलेले. पगाराच्या तपशिलाच्या भाग ब मध्ये मात्र ऑगस्टचे ७८,००० पगारात तसेच धरलेले. हे कसं झालं असेल ते माझ्या लगेच लक्षात आलं. टीडीएसच्या तिमाही विवरणात कर आणि रक्कम जाते, पण वर्षभराच्या पगाराचा तपशील चौथ्या तिमाहीसोबत वेगळा भरतात. तिथे एजन्सीने संगणकातला जुनाच एकूण आकडा उचलला होता.

ही चूक दिसायला कागदी, पण महागात पडणारी होती. नव्या नोकरीचा पगार धरून मुलाचं उत्पन्न नव्या करप्रणालीत १५ टक्क्यांच्या टप्प्यात गेलं होतं. ज्या ७८,००० मधला रुपयाही त्याने ठेवला नाही, त्यावर उपकरासह १२,१६८ रुपये कर बसला असता. सुधारित स्लिप आणि पैसे मिळाल्याची पोच हाताशी होती म्हणून एकाच मेलवर काम झालं. एजन्सीने विवरण दुरुस्त केलं, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नवा फॉर्म १६ आला, आणि ३१ जुलैच्या आत त्याने विवरणपत्र भरलं.

पीएफचं मात्र तोवर लटकलं होतं. ऑगस्ट २०२३ ची वर्गणी दोन्ही कंपन्यांनी भरली होती, त्यामुळे एकाच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) तो एकाच महिन्यात दोन ठिकाणी कामाला असल्यासारखं दिसत होतं आणि जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वळवण्याचा अर्ज परत येत होता. सोडल्याची तारीख त्याला स्वतः पोर्टलवर टाकता येईना, कारण तिथे शेवटची वर्गणी ज्या महिन्यात आली त्याच महिन्यातली तारीख घेतली जाते, आणि ती वर्गणी ऑगस्टची होती. शेवटी कंपनी आणि त्याने मिळून संयुक्त निवेदन दिलं. दोनदा ते त्रुटी काढून परत आलं, तिसऱ्यांदा मंजूर झालं. तारीख १४ जुलै झाली. ऑगस्टची रक्कम पासबुकात तशीच राहिली: त्याच्या वाट्याचे १,८०० आणि कंपनीच्या वाट्यातून पीएफमध्ये पडलेले ५५०. कंपनीचे उरलेले १,२५० पेन्शनकडे गेले होते, त्याच्या खात्यात नाहीत.

कंपनीने हे पैसे मागितले नव्हते. बहुधा त्यांच्या ध्यानातही नसावेत. ऑगस्ट २०२४ मध्ये एका संध्याकाळी मुलगा पासबुक घेऊन आला, आकडे दाखवले आणि विचारलं, "हे माझे नाहीत ना, काकू?" मी नाही म्हटलं. त्याने माझ्यासमोर बसूनच २,३५० रुपयांची एनईएफटी केली आणि शेऱ्यात लिहिलं, 'ऑगस्ट २०२३, पीएफ'.